आता खोललंच आहे तर

आमच्या मामाची जीप महिंद्राची सीजे-थ्री-बी आहे. पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांना ताकद देणारी आणि उंच बॉनेटची. यातलं शेवटचं विशेषण जाणकार लोक जरा आवाज उतरवून उच्चारतात, कारण त्या उंचीमागं एक कूळकथा आहे. युद्धातल्या मूळ विलीस जीपचं इंजिन साइड-वॉल्व्ह होतं, म्हणजे सगळे वॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्ये गुण्यागोविंदानं राहत. ताकद साठ अश्वशक्ती. पुढं कंपनीनं हवा आत घेणारे वॉल्व्ह वर हेडमध्ये हलवले, धूर सोडणारे तिथंच ठेवले आणि या इंजिनाला ‘हरिकेन’ असं वादळी नाव दिलं. ताकद दहा-बारा घोड्यांनी वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा बॉनेटच उचललं. १९५३ पासून ही उंच कपाळाची जीप अमेरिकेत बनू लागली आणि आपल्याकडं महिंद्रानं ती पुढं वर्षानुवर्षं बनवली. थोडक्यात, इंजिन सुधारायला गेले आणि चेहरा बदलून बसले, अशी ही मुळातलीच गोष्ट. मामानं तिच्या वळणावर जायचं ठरवलं तर त्यात नवल ते काय!

ही जीप बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्याच्या मोठ्या दरवाजातून जेमतेम आत शिरते आणि चौकात उभी राहते. गेल्या पावसाळ्यापासून ती मिसिंग मारू लागली. सकाळी नीट सुरू व्हायची, रावपुऱ्याच्या टॉवरपर्यंत शहाण्यासारखी जायची आणि तिथं सिग्नलला थांबली की तिला उचकी लागायची. मामा म्हणाला, पॉइंट घासले असतील. मामी म्हणाली, विकून टाक. या घरात गाडीबद्दलच्या चर्चेची ही दोन टोकं आहेत आणि मधलं मत कुणाचंच नाही. मी भाचा असल्यामुळं मला मत विचारलं जात नाही, टॉर्च धरायला सांगितलं जातं.

पॉइंट ही काय चीज आहे हे आजच्या गाडीवाल्यांना सांगावं लागेल. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि बॅटरीकडं असतात फक्त बारा. मग कॉइलमधून वीज वाहू द्यायची आणि ऐन वेळी ती तोडायची. तोडली की त्या झटक्यानं कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड दाब तयार होतो. ही तोडण्याची कामगिरी डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली बसलेली, नखाएवढ्या धातूच्या टिकल्यांची एक जोडी करते. मधल्या दांड्याला चार कोपरे असतात. कोपरा आला की जोडी अर्धा मिलिमीटर उघडते, गेला की मिटते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर ही जोडी मिनिटाला सहा हजार वेळा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, उघडते आणि मिटते. प्रत्येक वेळी थोडी जळते. शिवाय त्या कोपऱ्यांवर घासणारा फायबरचा तुकडा झिजतो, तसं अंतर कमी होतं आणि ठिणगी किंचित उशिरा पडू लागते. हे इतकं हळूहळू होतं की मालकाला गाडी बिघडतेय असं वाटतच नाही, पेट्रोलच हल्ली खराब येतं असं वाटतं.

पाणीगेटच्या बाजूला मामाचा एक मिस्त्री आहे. सत्तरीचा, डाव्या हाताची दोन बोटं कायम ग्रीसमध्ये बुचकळलेली. त्याच्याकडं फिलर गेज आहे, पण तो ते खिशात ठेवतो आणि पॉइंटचं अंतर हॅक्सॉच्या ब्लेडचा तुकडा घालून बघतो. मग डोळा मिटतो. बघण्यासाठी डोळा मिटणारा कारागीर मी आणखी कुठं पाहिलेला नाही. त्यानं कॅप काढली, टिकल्यांवर पडलेला खड्डा आणि उंचवटा मला टॉर्चच्या उजेडात दाखवला आणि मामाला म्हणाला, “साहेब, आता पॉइंट नको. इलेक्ट्रॉनिक बसवू.”

मला वाटलं होतं मामा संतापेल. पण तो विरघळला. इलेक्ट्रॉनिक म्हणजे त्याच कॅपखाली, टिकल्यांच्या जागी एक छोटा सेन्सर आणि मधल्या दांड्यावर चुंबकांचं कडं. चुंबक समोरून गेलं की सेन्सर कॉइलची वीज तोडतो. कशाला काही टेकत नाही, म्हणून काही घासत नाही. दोन वायरी कॉइलला जोडल्या, कॅप परत लावली की बाहेरून गाडी जशीच्या तशी. मामाला हे फार आवडलं. आत सुधारणा, वर कॅप. बडोद्यात ही परंपराच आहे असं तो म्हणाला. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० चा, पण दिवे काही त्या काळातले नाहीत. आता राजवाड्याशी आपल्या जीपची तुलना करणं हे बडोदेकरालाच जमतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मिस्त्रीच्या तोंडी एक वाक्य आहे, तो ते गुजरातीत म्हणतो आणि त्यानंतर माणसाच्या बँकेच्या खात्यात काही उरत नाही. “हवे खोल्युं ज छे, तो करी नाखीए.” आता खोललंच आहे, तर करून टाकू.

ठिणगी भक्कम झाली, तर जुन्या प्लगच्या वायरींना ती सोसेना. संध्याकाळी वीज गेलेली असताना आम्ही चौकात इंजिन चालू केलं आणि त्या अंधारात वायरींच्या अंगावरून निळसर रेषा सरपटताना दिसल्या. फार सुंदर दृश्य होतं. मामी गॅलरीतून म्हणाली, दिवाळी लवकर आली. वायरी बदलल्या. खोल्युं ज छे, तर प्लगही. ठिणगी नीट पडू लागली तेव्हा कळलं की कार्ब्युरेटर मुळात नीट नव्हता. एवढे दिवस दोघांचे दोष एकमेकांत मिसळलेले होते, त्यामुळं कुणाचंच नाव पुढं येत नव्हतं. कार्ब्युरेटर सुधारला तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी असल्याचं उघड झालं. जुन्या गाडीत प्रत्येक बिघाड पुढच्या बिघाडाला पाठीशी घालून उभा असतो. एकाला हलवला की मागचा उघडा पडतो आणि तो आपल्याकडं असा बघतो, जणू आपणच त्याला बोलावलं.

आणि मग, हेड उतरवलेलं असताना, त्याच वाक्याचं सर्वांत मोठं रूप बाहेर आलं. इंजिन खोललंच आहे, तर डिझेलचं टाकू.

हा काही मिस्त्रीचा लहरी विचार नव्हता. एके काळी देशभर पेट्रोल जीपांची पोटं अशीच बदलली गेली, कारण डिझेल कितीतरी स्वस्त होतं. खुद्द महिंद्रानंही आपल्या जीपमध्ये आधी इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन घातलं आणि पुढं प्यूजोचं. छोटा उदेपूरच्या बाजूला ज्या जीपांमधून आत बसलेल्यांपेक्षा बाहेर लटकलेले जास्त असत, त्या धडधडत जायच्या त्या डिझेलवरच. मिस्त्रीचा दुसरा मुद्दा पाण्याचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली आणि मगरी सोसायट्यांमधून फिरू लागल्या, तेव्हा पेट्रोल गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरात पाणी जाऊन काय झालं असेल ते त्यानं हातवारे करून सांगितलं. डिझेलला ठिणगीच लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, मग इंधन फवारलं की पेटतं. ना प्लग, ना कॉइल, ना कॅप. म्हणजे ज्या इग्निशनच्या सुधारणेपासून आम्ही निघालो होतो, तिचा शेवट इग्निशनच काढून टाकण्यात होणार होता. सुधारणा म्हणावी तर एवढी संपूर्ण सुधारणा दुसरी नसेल.

मामा त्या रात्री जेवला नाही. मामी म्हणते जेवला, पण दोनच पोळ्या.

माझं मत कुणी विचारलं नव्हतं तरी मी ते दिलं, आणि त्यासाठी मला डभईला जावं लागलं. मराठी माणसाला डभई आठवते ती १७३१ सालच्या लढाईमुळं, जिथं पहिल्या बाजीरावानं सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांना हरवलं आणि ज्या सगळ्या राजकारणातून पुढं गायकवाडांचं बस्तान बसलं. पण मला तिथली दुसरी गोष्ट जास्त प्रिय आहे. १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, डभई ते मियागाम अशी सुमारे वीस मैलांची अरुंद रेल्वे सुरू झाली. रूळ होते, डबे होते, स्टेशनं होती. ओढायला बैल. लोकांना वाटतं पैसे नसतील किंवा महाराजांना इंजिन ठाऊक नसेल. तसं नव्हतं. विलायतेतून इंजिनंही आणवली होती. पण रूळ इतके हलके होते की इंजिनाचं वजन त्यांना पेलवेना, म्हणून बैल बरे. पुढं दहाएक वर्षांनी वजनदार रूळ घातले तेव्हा इंजिनांचा मार्ग मोकळा झाला.

जीपचेही रूळच बघायला हवेत. तिचा तीन गिअरचा गिअरबॉक्स, तिच्या खालची ट्रान्सफर केस, आस, ड्रमचे ब्रेक, स्टिअरिंगच्या सांध्यांतली ती प्रसिद्ध ढिलाई, हे सगळं सत्तर-पंचाहत्तर घोड्यांच्या पेट्रोल इंजिनाच्या स्वभावाला धरून आखलेलं आहे. तिथं जड, थरथरणारं डिझेल बसवलं की पुढचे पाटे बसतात, चेसिसवरचे माउंटिंग कापून जोडावे लागतात, मग रेडिएटर, मग ब्रेक, मग गिअरबॉक्स. खोल्युं ज छे. शेवटी नंबर प्लेट तेवढी मूळची राहील, आणि तीही नवीन नियमाप्रमाणं बदलावी लागते. मामाच्या मनात नुसतं ताकदवान इंजिन नव्हतंच. त्याला हवी होती सिग्नलला उचकी न लागणारी जीप, आणि ती त्याला त्या दोन वायरींनी केव्हाच मिळाली होती.

माझ्या डभईपेक्षा कायद्याचा परिणाम जास्त झाला, हे मान्य करायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणं गाडीत मनाला येईल तो फेरफार करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी, इंधन बदललं की आरसी बुकात नोंद. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नवा नियम आणला. पन्नास वर्षांहून जुनी आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी असेल तर तिला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते आणि नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं येतात. शुल्क वीस हजार, दहा वर्षांसाठी. मामाची जीप पन्नाशी ओलांडून बसलेली आहे. ही ‘व्हीए’ची दोन अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढं नाचू लागली आणि डिझेलचा विषय एका वाक्यात संपला.

त्यात भर म्हणजे जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलासच्या आवारात देशभरातल्या जुन्या मोटारींचं ते मोठं प्रदर्शन भरलं होतं. मामा तेव्हा सकाळी गेला तो संध्याकाळी ऊन उतरल्यावर परतला. चकचकीत रोल्स रॉइसांपुढून तो सावकाश पुढं सरकत होता, पण जीप दिसली की कमरेत वाकून बॉनेटखाली बघायचा. मूळ असण्याला तिथं काय मोल असतं हे त्यानं तेव्हाच हेरलं होतं. फक्त आपल्याही चौकात ते मोल उभं आहे, हे कळायला हेड उतरवावं लागलं.

मग इंजिन तेच राहिलं. नव्या रिंगा, वॉल्व्ह ग्राइंड, एक गास्केट. मिस्त्री थोडा हिरमुसला. पण पहिल्या झटक्यात जीप सुरू झाली तेव्हा त्यानं डोळा मिटून ऐकलं आणि टायमिंग केसभर मागं घेतलं, का ते सांगितलं नाही. एक मात्र त्यानं मामाच्या गळी उतरवलं, आणि मला ते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणं वाटतं. जुने पॉइंट आणि कंडेन्सर फेकायचे नाहीत, डब्यात घालून जीपमध्येच ठेवायचे. पॉइंट दगा देतात तेव्हा आठवडाभर आधी कुरकुर करतात आणि रस्त्याच्या कडेला थोडे घासले की घरापर्यंत आणतात. इलेक्ट्रॉनिक जातं तेव्हा एका क्षणात जातं आणि त्याला काही घासताही येत नाही. मामीनं लसणाच्या चटणीचा एक रिकामा डबा दिला. डबा बदलावा लागेल, कारण कंडेन्सरला अजून वास येतो.

‘व्हीए’साठी अर्ज भरताना मामा इंजिनाच्या रकान्यापाशी बराच वेळ थांबला. कॅपखालचा सेन्सर हा इंजिनातला मोठा बदल धरायचा की नाही, यावर आमची तिघांची बैठक झाली. मामी म्हणाली, कॅप लावलेली असू दे. तो अर्ज अजून वाटेत आहे. मिळाल्यावर काय काय करता येणार नाही, याचा अभ्यास मात्र मामानं करून ठेवला आहे. व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणं, असल्याच कारणांसाठी रस्त्यावर न्यायची. यातलं शेवटचं कारण त्याला विशेष आवडलं आहे आणि त्यानं सराव आत्तापासूनच सुरू केलाय. परवा रविवारी सकाळी तो पेट्रोल भरायला म्हणून निघाला, वाटेतले सगळे पंप सोडले आणि दुपारी जेवायला परतला तो डभईहून. मामीनं ताट वाढलं आणि विचारलं, “तिकडं चांगलं मिळतं वाटतं पेट्रोल?”