तेव्हा की नंतर?

“मी हल्ला करतो,” असं मी म्हणालो आणि फसलो.

“हल्ला?” शास्त्रीबुवांनी चष्मा कपाळावर चढवला. “या खेळात हल्ला नावाची कृतीच नाही.”

रात्रीचे साडेदहा वाजले होते. दुपारी चारला मांडलेला ‘ट्वायलाइट इम्पीरियम’ हा बोर्डगेम जेवणाच्या टेबलावर पसरला होता. आकाशगंगेतली सहा साम्राज्यं, त्यातली तीन जांभया देत होती.

“आधी ग्रहमालेवर टोकन ठेव. मग जहाजं हलव. मग तोफा, मग युद्ध, मग पायदळ उतरव, मग उत्पादन. याला टॅक्टिकल ॲक्शन म्हणतात. हल्ला वाटेत होऊन जातो.”

नियमावर बोट ठेवणारा हा माणूस तुमच्याकडेही आहे. लहानपणी कॅरमची राणी घेतल्यावर ‘कव्हर, कव्हर!’ म्हणून ओरडायचा, तोच. मोठेपणी त्याला या खेळाची दोन पुस्तकं मिळाली. एक शिकण्याचं, दुसरं नियमांचं. दोघांत तंटा झाला तर दुसरं खरं. त्याच्याहून कार्डावरचा मजकूर खरा. आणि कार्डावर ‘करता येणार नाही’ असं असेल, तर ब्रह्मदेव आला तरी नाही.

पण शास्त्रीबुवांचा खरा जीव दोन शब्दांत अडकलेला: ‘तेव्हा’ आणि ‘नंतर’. एकाच घटनेवर दोन कार्डं पडली, तर ‘तेव्हा’वालं आधी, ‘नंतर’वालं मागून. माझ्या ड्रेडनॉट जहाजाने एक मार सोसला, शेजाऱ्याने ते उडवायला ‘डायरेक्ट हिट’ टाकलं, की बुवांचा हात वर: “थांबा! तेव्हा की नंतर?” फासे हवेत, शेजारी उभा, चहा गार.

खेळापुरतं असतं तरी चाललं असतं. भाचीच्या लग्नात त्याने मला कोपरानं ढोसलं, “अक्षता ‘सावधान’ म्हणतात तेव्हा टाकायच्या, की म्हणून झाल्यानंतर?” यावर आमचं एकमत होईपर्यंत वरमाला पडून लोक पंगतीला धावले होते. अक्षता आमच्या मुठीतच. त्याची बायको म्हणाली, “जेवणानंतर फिरायला जाऊ,” तर याचा प्रश्न, “ताट उचलल्यानंतर की हात धुतल्यानंतर?” वहिनी हल्ली एकट्याच फिरायला जातात.

असा माणूस जिंकत असेल असं वाटतं ना? छे. गेल्या महिन्यात त्याचे नऊ गुण झाले होते, दहाला विजय. हातात इम्पीरियलचं कार्ड. मधला ग्रह मेकाटॉल रेक्स माझ्याकडून घेतला, की पुढच्या पाळीला दहावा गुण पक्का. त्याने सैनिक भरलेलं एकुलतं एक वाहक जहाज आणून ठेवलं. तिथे माझं एकही जहाज नव्हतं. मी शरणागतीच्या सुरात म्हणालो, “घे बाबा, उतरव.”

“थांब,” शास्त्रीबुवा म्हणाले. “ग्रहावर तुझी तोफ आहे. जहाजं हलवल्यानंतर, युद्धाच्या आधी, ती डागता येते. विसरलास.”

“अरे, तुझंच जहाज आहे ते!”

“म्हणून काय झालं?”

दहा बाजूंचा फासा, सहा किंवा वर हवे. आठ पडले. जहाज गेलं, आतले सैनिक गेले, डाव गेला. तो मान डोलवत म्हणाला, “आता बरोबर झालं.”

आमच्या सोसायटीच्या सभेत नियम सांगणारे खूप आहेत. प्रत्येकाचा नियम स्वतःच्या पार्किंगपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. स्वतःचं जहाज बुडवणारा नियम वाचून दाखवणारा मी एकच पाहिलाय. हे त्याला सांगायची सोय नाही; ‘पाहिलास तेव्हा की नंतर’ असं विचारेल.

तो डाव हरला त्या रात्री दोन वाजता आम्ही निघालो. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. चौकात लाल दिवा होता. मी स्कूटर तशीच पुढे काढली आणि वळून पाहिलं, तर हा पट्ट्याच्या अलीकडे एक पाय टेकून उभा. मी पुढे थांबलो. का, कुणास ठाऊक. दिवा हिरवा झाला. तरी तो क्षणभर हलला नाही.

हिरवा होतो तेव्हा निघायचं की झाल्यानंतर, हे ठरवत असावा.