स्लॅबखालून सप्रेम नमस्कार

प्रति,
माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटचे मालक,
फ्लॅट सिंहगड रोड, मुक्काम कोथरूड



पत्र खुलं लिहितो आहे, राग मानू नये. खासगीत लिहून झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या माझ्या प्रत्येक फोटोला आपण अंगठा दाखवलात. आधी वाटलं, ही नव्या पद्धतीची पोच असेल. मग लक्षात आलं, अंगठा जुन्याच अर्थाचा आहे.

आपल्या बाथरूमच्या भिंतीतला पाइप फुटला आहे. आपल्या म्हणजे आपल्या मालकीच्या. अंघोळी तिथे आपले भाडेकरू करतात. करार तुम्हां दोघांत झालेला. भाडं त्यांच्याकडून आपल्याकडे जातं, पावती आपल्याकडून त्यांच्याकडे येते आणि पाणी तेवढं माझ्याकडे येतं. मी करारात कुठेच नाही. साक्षीदार म्हणूनसुद्धा माझी सही घेतलेली नाही. तरी या व्यवहारातून ज्याला नियमितपणे काही मिळतं, असा आपल्यानंतरचा माणूस मीच.

संकटात डोकं थंड ठेवावं म्हणतात. आपलं किती थंड आहे, ते पाइप फुटला त्या रात्री कळलं. भाडेकरू मुलांनी साडेनऊला फोन लावला, ‘काका, बाथरूमच्या भिंतीतून पाणी येतंय.’ दुसरा कोणी घाईघाईने म्हणाला असता, ‘आधी पाणी बंद करा.’ आपण विचारलंत, ‘तुम्ही काही ओढलंत का?’ खर्च कोणाचा, याची पायाभरणी एका प्रश्नात झाली. मग फोटो मागवलेत. फोटोत पाणी वाहताना दिसत नाही, म्हणून व्हिडिओ मागवलात. व्हिडिओत पाणी दिसलं, पण ते नेमकं कुठून येतंय ते दिसेना. भिंतीच्या आतून येतंय म्हणूनच दिसत नाही, हे मुलांनी परोपरीने समजावलं. शेवटी पावणेअकराला आपण निकाल दिलात, ‘ही गळती नाही, ओल आहे. जून आहे ना!’

काय ही दूरदृष्टी! गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती हा सोसायटीचा खर्च. फ्लॅटच्या आतलं दुखणं ज्याचं त्याने निस्तरायचं. म्हणजे पाणी आभाळातलं ठरलं की बिल सगळ्यांत वाटलं जातं, पाइपातलं ठरलं की आपल्या दारात येतं. वार्षिक सभेला कधी न दिसलेल्या सभासदाने उपविधी इतके बारकाईने वाचले आहेत, हे पाहून कमिटी गहिवरली. फक्त एक अडचण आहे. आपल्या इमारतीला चार मजले. आपला फ्लॅट तिसऱ्यावर, माझा दुसऱ्यावर. पावसाने गच्चीतून शिरायचं, चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या भिंती कोरड्या ठणठणीत ठेवायच्या आणि वाट न चुकता आपल्या शॉवरच्या मागे प्रकट व्हायचं, म्हणजे पावसाला इमारतीचा नकाशा तोंडपाठ हवा. बांधली तेव्हा बिल्डरलाही नव्हता.

खरं तर या निदानाला ज्योतिषी लागत नाही. ठिबकणं अंघोळींनंतर वाढत असेल आणि दुपारी थांबत असेल, तर दोष सांडपाण्याच्या बाजूचा: नहाणी ट्रॅप, टाइलच्या सांधी, खालचं वॉटरप्रूफिंग. कोणी नळाला हात न लावताही चोवीस तास एका लयीत ठिबकत असेल, तर दोष येणाऱ्या लाइनचा. गच्चीवरच्या टाकीचा दाब त्या पाइपात दिवसरात्र उभा असतो, त्याला साप्ताहिक सुट्टी नाही. खात्री करायची तर फ्लॅटचा मुख्य कॉक बंद करून पाहायचं. आता आपल्या फ्लॅटचा कॉक कुठे आहे, हे मुलांना सापडेना. आपल्याला विचारलं, तर उत्तर आलं, ‘असेल की तिथेच.’ शेवटी वॉचमनने गच्चीवर जाऊन आपल्या बाजूची अख्खी लाइन बंद केली. चारही मजल्यांच्या बाथरूमचं पाणी गेलं आणि तासाभरात माझ्या छताचं ठिबकणं मंदावलं. पाऊस बाहेर चालूच होता. हे मी आपल्याला तेव्हाच कळवलं. अंगठा आला.

तेव्हापासून ही लाइन सकाळ-संध्याकाळ तासभरच सोडतात. त्या वेळात आम्ही बादल्या भरतो. बाकीचे नळाखाली ठेवतात, मी छताखालीही ठेवतो.

दरम्यान आपण करार वाचायला घेतलात. महाराष्ट्रात असा करार कितीही महिन्यांचा असो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो नोंदवावाच लागतो, नाही नोंदवला तर शिक्षा घरमालकाला. तरी अकरा महिन्यांची जुनी खोड जात नाही; आपलाही करार अकराचाच. मुलांनी मला तो दाखवला. पंखे चार, ट्यूबलाइट पाच, गीझर एक, पडद्यांचे रॉड सहा, दाराच्या चाव्यांचे जुडगे दोन. खिळासुद्धा विचारून मारायचा. भिंतीतल्या पाइपाचा उल्लेख नाही. तो दिसत नाही, तेव्हा तो चोरीला जायची भीती नाही. किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करायची, मोठी मालकाने. किरकोळ कुठे संपते ते लिहिलेलं नाही. माळा मालकाच्याच ताब्यात राहील, हे मात्र ठळक अक्षरात.

त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमाने घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. त्याने हयगय केली, तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, मग स्वतः दुरुस्ती करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून कापायचा, तोही वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाचे वीसेक लिटर होतात. पंधरा दिवसांच्या नोटिशीत तीनशे लिटर पाणी कायदेशीररीत्या माझ्या घरात येऊ शकतं. शिवाय हे कलम भाडेकरूंसाठी. आपली मुलं लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे कायद्याच्या लेखी भाडेकरू नव्हेतच. त्यांचा सगळा भरवसा त्या ‘किरकोळ’ आणि ‘मोठी’ या दोन शब्दांवर.

आपण मग केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा काढलात. तो राज्याने स्वीकारला तरच चालतो, ते जाऊ द्या. त्याच्या परिशिष्टात दुरुस्त्यांची वाटणी केली आहे. नळ, नळाचे वॉशर, वॉश बेसिन, गीझर, इतकंच काय बाथटबसुद्धा भाडेकरूच्या गळ्यात. आपण हे फोनवर वाचून दाखवलंत. आपल्या त्या बाथरूममध्ये माणूस वाकला तर कोपर दाराला लागतं. तिथे बाथटब दुरुस्त करायला आधी सोसायटीची परवानगी काढून बाहेरचा जिना फोडावा लागेल. त्याच परिशिष्टात पाइप बदलणं घरमालकाच्या यादीत आहे. तिथे आल्यावर आपली रेंज गेली. रेंज परत आली ती थेट कायद्याच्या दुसऱ्याच तरतुदीवर: मालकाने चोवीस तास आधी कळवल्याशिवाय आणि सूर्यास्तानंतर भाडेकरूच्या घरात पाऊल टाकू नये. म्हणून आपण येऊ शकत नाही. मुलांच्या खासगी आयुष्याचा हा आदर पाहून मुलंच चकित झाली. दिवाळीत आपण न कळवता येऊन फ्रीज उघडून पाहिला होतात, असं ती म्हणतात.

आता प्लंबर. मुलांनी अ‍ॅपवरून एक माणूस बोलावला होता, तो आपण परत पाठवायला लावलात. ‘ते लोक लुटतात. आपला माणूस आहे.’ आपला माणूस खरोखरच चांगला आहे, माझ्याकडेही तोच येतो. पण तो आहे ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. देशातल्या कुठल्याही शहरात प्लंबर शोधा, निम्म्या वेळा पत्ता त्याच जिल्ह्याचा निघतो. तिथे पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. आणि जूनच्या मध्याला, पावसाच्या तोंडावर, त्यांचा रज हा सण येतो. त्या दिवसांत जमिनीला नांगर लावत नाहीत, धरणीला विश्रांती देतात. आपण आपल्या भिंतीलाही दिलीत. मी फोन केला तेव्हा आपला माणूस गावी झोपाळ्यावर बसला होता. म्हणाला, ‘साहेबांना सांगा, कॉक बंद करून ठेवा.’ त्यालाही वाटतं, मालकांना कॉक माहीत असतो.

मग वॉचमनच्या ओळखीचा दुसरा आला. त्याने भिंतीला कान लावला, दोन टाइलांवर टिचकी मारली आणि सांगितलं, फोडावं लागेल. हा शब्द ऐकून आपला स्वर मी प्रथमच कापरा झालेला ऐकला. कारण टाइल नव्या आहेत. मागच्या वर्षी, ही मुलं येण्याआधी, आपण बाथरूमचं रूप पालटलंत. जुन्या टाइल न काढता त्यांच्यावरच नव्या चिकटवल्या, चकाकता पितळी शॉवर बसवला, आरसा लावला, फोटो काढले, आणि भाडं ₹ ३,००० ने वाढवलं. आत पाइप राहिला तो इमारत झाली तेव्हाचा, जीआयचा. लोखंडावर जस्ताचा थर असतो तोवर ठीक. थर गेला की गंज आतून भरत जातो आणि नळाची धार बारीक होते. मुलं ‘पाणी कमी येतं’ असं सांगत होती, ते हेच. त्यात जुन्या लोखंडाला नवं पितळ थेट जोडलं की ओल्या सांध्यापाशी लोखंड आणखी लवकर खातं. पाइप कधीतरी गेलाच असता, पण नव्या शॉवरने त्याला मागून ढकललं.

टाइल काढल्या होत्या त्याच वेळी... नाही, चुकलो, काढल्याच नव्हत्या. तर काढल्या असत्या, तर त्याच मजुरीत आतला पाइप बदलून सीपीव्हीसी टाकता आला असता. जाहिरातीच्या फोटोत तो दिसला नसता, एवढाच तोटा. आता दोन थर फोडायचे, पाइप बदलायचा, भिंत भरायची, आणि ती नक्षीची टाइल दुकानात मिळणं बंद झालेलं. हा हिशेब मांडून झाल्यावर आपण प्लंबरला विचारलंत, ‘वरून काही लावता नाही का येणार?’ त्याने एम-सीलचं नाव घेतलं. आपण एवढे प्रसन्न झालात की त्या बिचाऱ्याला पुढचं वाक्य पुरं करायला अवघड गेलं: भिंतीच्या आत चिरलेल्या पाइपाला टाइलवरून एम-सील लावता येत नाही.

आपली बाजू मला कळत नाही असं समजू नका. घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्के बिनभोगवटा शुल्क आपल्याकडून घेते आणि त्या बदल्यात नेमकं काय देते, हे मलाही सांगता यायचं नाही. हप्ते आहेत, घरपट्टी आहे. आपल्याला हा फ्लॅट महिन्याच्या पाच तारखेला बँकेतून येणाऱ्या मेसेजच्या रूपात माहीत आहे. त्या मेसेजला पाइप नसतात, हे मान्य.

माझ्या छताचं काय, हे मी एकदाच विचारलं. रंग गेला, पीओपीचा तुकडा पडला, पॅसेजचा दिवा काढून ठेवला आहे, कारण त्याच्या होल्डरमधून पाणी येत होतं. यावर आपण म्हणालात, ‘सुकलं की बघू.’ तीच तर माझी मागणी आहे. मुलांच्या डिपॉझिटमधून माझं छत रंगवून देण्याची आपली सूचना मात्र मी नाकारतो. त्यांनी काही ओढलेलं नाही.

प्लंबर आज पुन्हा आला आहे, वरच आहे. त्याचे ₹ ६,५०० मुलांनी, आजींनी आणि मी मिळून तूर्त भरले. पावती आपल्या नावाने केली आहे. फोटो पाठवतोच.

आपला उभा शेजारी,
दुसरा मजला

ता. क. – आपल्या फ्लॅटचा मुख्य कॉक सापडला. प्लंबरने लाइनचा माग काढला, तो थेट बाथरूमवरच्या माळ्यात गेला. तो माळा आपल्या ताब्यात आणि आपल्या कुलपात आहे. पाणी बंद असल्याशिवाय सांधा करता येत नाही, आणि नवा सांधा चिकटल्यावर काही तास त्यात पाणी सोडता येत नाही. आजी त्यासाठी संध्याकाळची पाण्याची वेळ चुकवू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. तेव्हा कृपा करून चावी एखाद्या रिक्षावाल्याच्या हाती लगेच पाठवावी. भाडं मी देईन.