तिसऱ्या तासाला काय?

टूरिंगकर तुमच्याही सोसायटीत असणारच. आडनाव वेगळं असेल, पण माणूस तोच. लांब पल्ल्याच्या मोटरसायकलीबद्दल त्याला सगळं ठाऊक असतं आणि त्याच्या पार्किंगमध्ये ॲक्टिव्हा उभी असते. आमच्याकडचे टूरिंगकर मंडईत भाजी आणायला जातात तेही फुलफेस हेल्मेट, गुडघ्यांना गार्ड आणि कोपरांना पॅड लावून. पुण्यात हेल्मेट घालणं हेच मुळात बंडखोरीचं लक्षण. त्यात हा माणूस चिलखत चढवून मेथीची जुडी निवडत असतो.

परवा माझ्या भाच्यानं नवी गाडी आणली. हॅण्डलला हार घातलेला, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, नारळ फोडायला ताईनं हात उचललेला, आणि तेवढ्यात टूरिंगकर येऊन गाडीवर बसले. विचारणं नाही, सवरणं नाही. दोन्ही मुठी हॅण्डलवर, कोपरं किंचित वाकलेली, पाठ ताठ, डोळे मिटलेले. ताई नारळ घेऊन तशीच उभी. पेढ्यांचा बॉक्स उघडलेला, पण हात घालायची कुणाची हिंमत होईना. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि गंभीरपणे म्हणाले, "गाडी चांगली आहे रे. पण तिसऱ्या तासाला काय?"

हा त्यांचा लाडका प्रश्न. पहिल्या तासाला जगातली कुठलीही गाडी आरामशीर असते, दुसऱ्या तासाला माणूस चुळबुळ करायला लागतो आणि तिसऱ्या तासाला सत्य बाहेर येतं, असा त्यांचा सिद्धान्त आहे. त्याचा उगम त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत सापडतो. मित्राच्या राजदूतवर मागे बसून ते पुण्याहून महाबळेश्वरला गेले होते. कात्रज, खंबाटकी इथपर्यंत गाणी म्हटली. वाईला मान दुखायला लागली. पसरणीचा घाट चढता चढता कमरेखालचा भाग आपला आहे की नाही याची शंका यायला लागली. पाचगणीत उतरून त्यांनी स्ट्रॉबेरी खाल्ली ती उभ्यानं, आणि परत आले ते एसटीनं. त्या दिवसापासून टूरिंगकर योग्य मोटरसायकलीच्या शोधात आहेत.

शोधाला शिस्त अशी आहे की संशोधकांनी मान खाली घालावी. २००५ साली ॲव्हेंजर आली तेव्हा ते हरखले होते, पण पाय पुढे ताणून बसायचं म्हणजे अंगाचा सगळा भार माकडहाडावर, आणि खड्डा आला तर पायांवर उठून तो चुकवायची सोय नाही, म्हणून ती बाद. २०१६ च्या डिसेंबरात डॉमिनार आली. चाकणची, म्हणजे घरचीच. ती वजनामुळे थांबवून ठेवली. मध्ये प्रदूषणाचं बीएस-फोर मानक आलं, २०२० मध्ये बीएस-सिक्स आलं, जुनी मॉडेलं बंद पडली, नवी निघाली. टूरिंगकर जागचे हलले नाहीत. होंडाची गोल्ड विंग त्यांनी एका प्रदर्शनात पाहिली: १८३३ सीसी, सहा सिलिंडर, वर रिव्हर्स गिअर. तिला मात्र त्यांचा प्रश्न लागू पडत नाही, कारण किंमत ऐकून पहिल्या मिनिटालाच उतरावं लागतं.

शोरूमवाले पूर्वी त्यांना पाहिलं की सरबत मागवायचे. आता नवा पोरगा कामाला लागला की त्याला टूरिंगकरांच्या हवाली करतात. या गिऱ्हाइकापुढे जो टिकला तो कुठेही टिकतो म्हणे. टूरिंगकरांचा टेस्ट राइडवर विश्वास नाही. चौकापर्यंत जाऊन यायचं आणि त्यावर आयुष्यभराचा निर्णय घ्यायचा, म्हणजे कांदेपोहे खाऊन लग्न ठरवणं झालं. म्हणून एकदा त्यांनी वेगळीच मागणी केली. गाडी रस्त्यावर नको, जागेवरच हवी, पण तीन तास.

मॅनेजर सुटीवर होता, म्हणून परवानगी मिळाली. टूरिंगकर सकाळी डबा, पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्र घेऊन गेले आणि काचेजवळ मांडून ठेवलेल्या गाडीवर बसले. झाडूवाल्या मावशींनी त्यांच्या भोवतीनं लादी पुसून घेतली. एका बाईंनी लेकराला उचलून "बघ, काका कसे बसलेत" म्हणून दाखवलं. एका गिऱ्हाइकानं त्यांना कर्मचारी समजून मायलेज विचारलं. यांनी मायलेज सांगितलं, मग फोम सांगितला, मग त्या गिऱ्हाइकाच्या उंचीला ही गाडी कशी चालणार नाही तेही सांगितलं. गिऱ्हाईक गेलं. पाठोपाठ आणखी दोन गेली. तिसरा तास संपता संपता टूरिंगकरांचा डावा पाय बधिर झाला आणि वर्कशॉपमधल्या दोन मेकॅनिकांनी त्यांना अलगद उतरवून खुर्चीवर ठेवलं. टूरिंगकरांच्या वहीत शेरा पडला: 'समाधानकारक नाही'. मॅनेजरच्या वहीत काय शेरा पडला ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी दारावर 'शोच्या गाड्यांवर बसू नये' अशी पाटी लागली.

तिसऱ्या तासानं पुढे घरातही पाय पसरले. सोफा घ्यायला गेले, तर दुकानदाराला म्हणाले, "आम्ही जेवून येतो, मग बसतो." बालगंधर्वला नाटक पाहताना ते मध्यंतरात नाटकाबद्दल नाही, खुर्चीबद्दल बोलतात. सवाई गंधर्वला भारतीय बैठकीचं तिकीट काढतात आणि मोटरसायकलच्या सीटवर टाकायची हवेची उशी घेऊन जातात. शेजारच्या रसिकांना मोठा ख्याल चालू असताना त्या उशीत हवा किती असावी हे कुजबुजत समजावतात. (पूर्ण फुगवायची नाही, निम्मीच. घट्ट फुगवली की माणूस वर तरंगतो आणि गाडीवरची पकड जाते. हे मला मारव्याच्या वेळी कळलं.) मुलीला बघायला स्थळ आलं, मुलगा शिकलेला, बोलका, सगळ्यांना पसंत. टूरिंगकर म्हणाले, "पहिला तास सगळेच चांगले वागतात," आणि चहावर चहा मागवत त्यांनी पाहुण्यांना बसवून ठेवलं. मंडळी अडीच तासांनी उठली. मुलगी अजूनही बापावर याचा राग धरून आहे.

पण त्यांच्या फोमच्या अभ्यासाचं मला कौतुक वाटतं, हेही सांगून टाकतो. आपल्याला वाटतं, सीट जितकी मऊ तितकी सुखाची. टूरिंगकर म्हणतात, मऊ सीटवर माणूस रुततो, फोम दबत दबत तळाला जातो आणि मग बुडाची दोन हाडं थेट सीटच्या पाट्यावर टेकतात. जरा कडक, पण रुंद सीट भार पसरवून घेते. हॅण्डल, सीट आणि फूटरेस्ट हा एक त्रिकोण. फूटरेस्ट फार मागे गेलं की गुडघे कुरकुरतात, हॅण्डल फार लांब असलं की सगळा भार मनगटांवर येतो. समोरची काच आखूड असली तर छातीवरचा वारा थांबतो, पण तोच उसळून हेल्मेटवर आदळतो. आणि थरथर? ऐंशीच्या वेगात आरशात मागच्या ट्रकचा नंबर वाचता आला तर गाडी ठीक. नंबराच्या जागी नुसती रेघोट्यांची रांगोळी दिसली, तर तिसऱ्या तासाला तुमची बोटं झोपणार. नाना पेठेतल्या सीटवाल्यांना ते फोमचे तुकडे कापून दाखवतात आणि ते सीटवालेही, गंमत म्हणजे, ऐकतात.

टाकीचाही असाच अभ्यास. मनालीहून लेहला जाताना तांडीच्या पेट्रोल पंपावर पाटी आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. या एका पाटीच्या हिशेबानं टूरिंगकर टाकीची लिटरं आणि मायलेज यांचा गुणाकार करत असतात. स्वतःच्या ॲक्टिव्हात मात्र दोनशे रुपयांच्या वर पेट्रोल टाकत नाहीत, उडून जातं म्हणतात. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनचं सॅडलसोर १००० हे प्रमाणपत्र चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सोळाशेच्या वर किलोमीटर, गाडी चालवणाऱ्याला मिळतं. त्याची नियमावली त्यांना पाठ आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धी महामार्गावरही बंदी. हे दोन्ही रस्ते सरकारनं आपल्यालाच अडवायला बांधलेत, असं त्यांचं मत आहे.

वहिनींना ते 'पुढच्या दिवाळीला लडाख' असं सांगत आले. वहिनींनी काही दिवाळ्या वाट पाहिली आणि एका जूनमध्ये महिला मंडळाबरोबर विमानानं लेहला जाऊन आल्या. खारदुंगलाच्या पाटीखालचा फोटो पाठवला. पाटीवर १८,३८० फूट. टूरिंगकरांनी उलट कळवलं, पाटी खोटी आहे, खरी उंची साडेसतरा हजारांच्या आसपास. परत आल्यावर त्यांनी बायकोला तब्येत विचारायच्या आधी विचारलं, "गाडी कुठली होती? तिसऱ्या तासाला काय झालं?"

"टेम्पो ट्रॅव्हलर," वहिनी म्हणाल्या. "तिसऱ्या तासाला मला झोप लागली."

त्यांची वही मी एकदा चाळली. ते आत चहा सांगायला गेले होते. प्रत्येक गाडीपुढे सीटची जमिनीपासूनची उंची लिहिलेली, पुढे शेरा. जानेवारी २०२०, केटीएमची ३९० ॲडव्हेंचर, ८५५ मिलिमीटर: 'उत्तम'. त्याखाली हिमालयन, ८००: 'जास्त व्यवहार्य'. वर्ष संपताना मिटिऑर, ७६५: 'खरी टूरर हीच'. २०२३ मध्ये सुपर मिटिऑर, ७४०, वजन २४१ किलो: 'विचार करावा'. पानामागून पान पसंतीची उंची उतरत गेली होती. बाहेर आले तेव्हा मी एवढंच म्हणालो की हल्ली बुटक्या गाड्या आवडायला लागल्या की तुम्हाला. "हल्ली डिझाइनचा विचारच बदललाय हो," ते म्हणाले. जिना उतरताना ते कठडा धरतात. पावसाळ्यात दोन्ही हातांनी.

माझ्या गाडीचं हॅण्डल त्यांनी माझ्या इच्छेविरुद्ध इंचभर वर घेतलं होतं. क्लचचा दांडा फिरवून मनगटाच्या रेषेत आणला, मागचं शॉकअप माझ्या वजनाला लावून दिलं, टायरची हवा स्वतः तपासली, आणि दीड तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चालायचं अशी तंबी दिली. मी आंबोलीला निघालो. कराड मागे पडलं तेव्हा तिसरा तास चालू होता. मी मुद्दाम शोध घेतला. मान नाही, खांदे नाहीत, अंगठे नाहीत, बूड तर नाहीच. काहीही दुखत नव्हतं. इतका राग आला की काय सांगू.

कोल्हापूरला पोचल्यावर फोन केला. त्यांनी डॉक्टरसारखी वरून खाली चौकशी केली. मान? खांदे? मनगटं? प्रत्येक 'नाही'ला पलीकडून समाधानाचा हुंकार येत होता. मग जरा थांबले आणि अगदी हळू आवाजात, जणू वहिनींना ऐकू जाऊ नये म्हणून, त्यांनी विचारलं, "आणि हो, चौथ्या तासाला कसं वाटतं?"

मी म्हटलं, छान वाटतं. यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचायला हवं होतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यापुढच्यांचा ४० वर गेला. मला वाटलं, सुटले बिचारे, आता तरी निर्णय होईल. पेढे खायला गेलो, तर म्हणाले, "जो खाली आलाय तो आणखी खाली येऊ शकतो. घाई कशाला?"

आमच्या सोसायटीतून लडाखला, स्पितीला, कोकणात जी पोरं गेली त्या सगळ्यांची गाडी टूरिंगकरांनी निवडलेली किंवा दुरुस्त करून दिलेली आहे. एकही पोरगा उभ्यानं जेवलेला नाही. तुम्हालाही लांबचा पल्ला मारायचा असेल तर तुमच्याकडचा टूरिंगकर गाठा, रविवारी सकाळी तो घरीच असतो. पोटभर खाऊन जा, तीन तास बसवेल. मोजायची टेप त्याच्याकडे आहे, उशीही देईल. फक्त त्याची गाडी कधी येणार, हे विचारू नका.