चार सुपांचा सिनेमा

आमच्या गावाचं नाव नवलाख उंबरे. हे उंबरे दारातले की झाडाचे, यावर पारावर दोन पक्ष आहेत आणि दोघंही ठाम आहेत. नऊ लाख मोजायला अजून कोणी गेलेलं नाही.

तैवानचं नाव मात्र इथं कुणाला नवं नाही. 2022 साली वेदांत आणि तैवानच्या फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना तळेगावला येणार अशी इतकी हवा होती, की टपरीवर कटिंग पिता पिता लोक 'सेमीकंडक्टर' म्हणू लागले होते, तेही गुंठ्याच्या भावासकट. सप्टेंबरात प्रकल्प गुजरातला गेला. पुढच्या जुलैत फॉक्सकॉननं भागीदारीच सोडली. पाहुणा उंबऱ्यापर्यंत आला आणि चपलाही न काढता मागं फिरला. आमच्या घरात तैवान शिरलं ते शेवटी लॅपटॉपमधून, एडवर्ड यांगच्या 'यी यी' या सिनेमातून.

सिनेमा 2000 सालचा. कान महोत्सवात यांगला त्यासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं बक्षीस मिळालं. गडी मुळात इंजिनियर. अमेरिकेत सिएटलला काही वर्षं संगणकाची नोकरी केली आणि मग घरी, तैपेईला परतला. 2007 मध्ये गेला, तोवर हाच त्याचा शेवटचा सिनेमा ठरला होता. चिनी लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ. 'यी यी' म्हणजे एक-एक, पण रेघा एकीखाली एक काढल्या की त्याचे दोन होतात. नावातच गंमत करून ठेवलीय.

मी एकटाच बघणार होतो. पण त्या संध्याकाळी डिशचं रिचार्ज संपलं होतं आणि आत्याची मालिका बुडाली होती. ती इंद्रायणी तांदूळ निवडायला सूप घेऊन शेजारी येऊन बसली. "कुठलं आहे?"

"तैवानचं."

"ते कंपनीवालं?"

सुरुवातीला लग्न आहे, तेवढ्यावर आत्या खूश झाली. सवतीसारखी एक बाई कार्यालयात येऊन रडते, तेव्हा तर सुपातला हातच थांबला. त्याच रात्री घरातली आजी पडते आणि कोमात जाते. नातीला वाटतं, कचऱ्याची पिशवी खाली न्यायची मी विसरले, आजी ती न्यायला गेली आणि माझ्यामुळं पडली. सबंध सिनेमाभर ती पोर त्या एका पिशवीच्या ओझ्याखाली वावरते. माफी मागते ती कोमातल्या आजीपाशीच. बाकी मग बापाची संगणकाची कंपनी डबघाईला आलेली, त्याला लिफ्टपाशी अचानक भेटलेली जुनी मैत्रीण, शेजाऱ्यांची भांडणं. यातलं बरंचसं यांग लांबून दाखवतो, काचेआडून, नाहीतर दाराच्या चौकटीतून. माणसं खोलीत, आपण उंबऱ्यावर.

पडद्याखालची इंग्रजी अक्षरं वाचून मी मराठीत सांगत होतो. अर्ध्या तासानं लक्षात आलं, की मी गप्प बसलो तरी तिचं काही अडत नाही.

डॉक्टर सांगतात, आजीशी रोज बोला. आजीची मुलगी बोलते, आणि शेवटी ढसाढसा रडते. दिवसभरात काय केलं ते मिनिटभरात सांगून होतं, आणि रोज तेच असतं. मी आत्याकडं बघितलं. ती खडा बोटात धरून थांबली होती. मग म्हणाली, "मिनिट तरी लागतंय तिला." आणि खडा टाकला.

संथपणावर तिचं म्हणणं असं, की आमच्या मालिकेतली सून तीन दिवस जिनाच उतरतीय, पण ढोल वाजवत. इथं ढोल नाही, आणि म्हातारी पडली, नव्या सुनेला बाळसुद्धा झालं. मी 'कोर्ट'चं नाव काढलं. चैतन्य ताम्हाणेच्या त्या सिनेमातही वकील कोर्ट सुटल्यावर घरी कसे जातात, दुकानात काय घेतात, हे निवांत बघायला मिळतं. "वकील काय घेतो ते बघाया पैसं देत्यात?" या प्रश्नावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या मावळात बैलगाडा शर्यतीचा घाट दहा-पंधरा सेकंदांत पार करतो, आणि त्यासाठी बैल वर्षभर सांभाळतात. तिथं मात्र असं कुणी विचारत नाही.

सिनेमात आठ वर्षांचा यांग-यांग आहे. तो कॅमेऱ्यानं लोकांच्या डोक्यांची मागची बाजू टिपत सुटतो आणि ते फोटो ज्याचे त्याला देतो, कारण ती बाजू माणसाला स्वतःला दिसत नाही. हे बघून मला राहवलं नाही. आत्या पाणी प्यायला उठली, तेव्हा मोबाइलवर तिचा पाठमोरा फोटो काढला आणि दाखवला. तिनं स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. पांढरा अंबाडा एका बाजूला ढळलेला, काटा लोंबतोय, मानेवर तांदळाचा कोंडा.

"सकाळपासून असाच हाय का?"

"असेल."

"मग सांगायचं नाय व्हय रं? मी दळणाला जाऊन आले की!"

असा सिनेमा सगळ्यांना आवडणार नाही. शनिवारी रात्री पोरांना घेऊन बसलात तर शिव्या खाल. पण हाताला निवडण्या-सोलण्याचं काम असेल तर जरूर बघा, आणि कचऱ्याची पिशवी तेवढी आधी बाहेर ठेवून या. लांबी दोन तास त्रेपन्न मिनिटं. आत्याच्या मापानं चार सुपं.