अपरिग्रहाच्या गावचे कार्डवाले भाऊ

वर्धा जिल्ह्याचं नाव झालं ते वस्तू सोडून देणाऱ्या माणसांमुळे. सेवाग्रामला बापूंनी आणि पवनारला विनोबांनी अपरिग्रहाचं व्रत चालवलं. त्याच जिल्ह्यात कार्डवाले भाऊ काहीही सोडत नाहीत. क्रिकेटपटूचा चेहरा आणि आकडे छापलेला इवलासा पुठ्ठा दिसला, की तो त्यांना हवाच असतो. असे भाऊ आर्वीला सापडतात, हिंगणघाटला सापडतात. आमच्या वाट्याला वर्ध्याचे आले. वय पन्नाशीपुढे, नोकरी आवक-जावक विभागात. घर पाहिलं, तर जावकचं रजिस्टर त्यांनी कधी उघडलंच नसावं असं वाटतं.

ही लागण बिग फन बबलगमची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी या गमबरोबर खेळाडूचं कार्ड निघायचं आणि त्यावर धावा नाहीतर बळी छापलेले असायचे. ठरलेली बेरीज जमली की फ्लिप बुक मिळायचं. भराभर पानं सोडली, की त्यातला खेळाडू हलायला लागायचा. बाकीची पोरं त्या फ्लिप बुकासाठी कार्डं देऊन टाकत. भाऊंनी उलटं केलं. गम दुसऱ्यांना चघळायला दिला आणि कार्डं ठेवून घेतली.

भाऊंचा सगळा व्यवहार अदलाबदलीचा. ‘पैसे घेतले तं धंदा झाला ना बाप्पा!’ असं ते म्हणतात, पण त्यांच्याइतका पक्का धंदेवाला मारवाडी गल्लीतही मिळायचा नाही. आपल्याला हवं असलेलं कार्ड समोर आलं, की ते आधी पंख्याकडे पाहतात. मग घरच्या सगळ्यांची चौकशी होते. चहा येतो. शेवटी उठता उठता, ‘हे एक तुमच्यापाशी उगाच पडून हाय वाटते,’ असं पुटपुटत ते कार्ड त्यांच्या खिशात जातं.

चेतन शर्माची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकावी. एप्रिल १९८६ मध्ये शारजाला जावेद मियाँदादने चेतनच्या अखेरच्या चेंडूवर षटकार मारला आणि तेव्हापासून वर्ध्याच्या पोरांत चेतनला कोणी विचारीना. भाऊ मात्र ‘दया म्हणून’ येईल तो चेतन ठेवून घेत गेले. मग ३१ ऑक्टोबर १९८७ उजाडला. विश्वचषकात नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध चेतनने रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे लागोपाठ त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. सोमवारी शाळेत भाऊंभोवती गराडा पडला. भाऊंनी एकही चेतन दिला नाही. ‘पडत्या काळात म्या सांभाळलं त्याले. आता काहून देऊ?’

त्याच सामन्यात गावसकरने ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. एकदिवसीय क्रिकेटमधलं त्याचं ते एकमेव शतक. एवढं सगळं घडलं ते वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, आणि भाऊ तिथे नव्हते. तेव्हा लहान होते म्हणावं, तर पुढेही कधी गेले नाहीत. २००८ मध्ये तर स्टेडियमच त्यांच्या भेटीला निघालं. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून उठून जामठ्याला, थेट वर्धा रोडवर आलं. भाऊ हलले नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, ‘ग्राउंडवर खेळाडू बोटाएवढा दिसते, अन् पाठमोरा. इथं तोंड दिसते. मांगं सरासरीबी लिहिली असते.’

विदर्भाने २०१७-१८ ची रणजी जिंकली तेव्हा भाऊंची पंचाईत झाली. अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, पण त्याचं कार्ड काही मिळेना. मग भाऊंनी पेपरातला फोटो कापला, एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर चिकटवला आणि आकडे हाताने लिहिले. मागे ‘आहेर आणू नये’ अजून वाचता येतं.

अलीकडे त्यांना बेसबॉलने गाठलंय. त्या खेळातलं त्यांना काही कळत नाही, पण मिकी मँटलच्या १९५२ च्या एका कार्डाला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर आले, हे पाठ आहे. त्याहून जास्त छळते ती दुसरी हकिकत. ते कार्ड काढणाऱ्या टॉप्स कंपनीने १९५२ चा न खपलेला माल पुढे समुद्रात नेऊन बुडवला. भाऊंनी हे ऐकलं त्या रात्री जेवण गेलं नाही. ‘समुद्रात कायले? आमच्या धाम नदीत बुडवला असता, तं उन्हाळ्यात काढला असता!’

वहिनींचं दुःख वेगळं आहे. चांगले अल्बम महाग म्हणून भाऊंनी घरातला लग्नाचा अल्बम कामी आणला. सप्तपदीच्या पानावर कपिल देव आहे, कन्यादानाच्या पानावर रिचर्ड्‌स. लग्नाचे फोटो गादीखाली. ‘ज्या गावात बापू राहिले...’ एवढं वहिनी म्हणायचा अवकाश, भाऊ पुरावा काढतात. बापू हरिजन फंडासाठी पाच रुपये घेऊन सही देत. आणि १९३३-३४ च्या दौऱ्यातल्या एमसीसी संघाच्या सह्या विजय मर्चंटच्या बहिणीच्या वहीत होत्या. त्याच पानावर, सोळा खेळाडूंच्या खाली, सतरावी सही बापूंची आहे. ‘म्हणजे ते टीममंदीच होते,’ भाऊ निकाल देतात.

भाऊंना कंजूष म्हणणारे आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. जिंकणाऱ्याच्या मागे सगळेच धावतात, पण हरलेल्या चेतनला घरात जागा देणारे भाऊच. तेव्हा तुमच्या माळ्यावर जुन्या वह्यांत अशी कार्डं निघाली, तर रद्दीत घालू नका. वर्ध्याला या. चहा पक्का मिळेल. फक्त भाऊ पंख्याकडे पाहायला लागले, की खिसा सांभाळा.