आनंदाश्रमाच्या पुढे चाला

रविवारी ठाण्यात टेंभी नाक्यावर बाहेरगावच्या गाड्या दिसतात. ‘धर्मवीर’ सिनेमा पाहिलेली मंडळी पोराबाळांना घेऊन शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांचं घर बघायला येतात. आनंदाश्रमाच्या दारात चपला काढायच्या, हात जोडायचे, सेल्फी घ्यायचा आणि गाडीत बसायचं. बाप पोराला सांगतो, “सिनेमात दाखवलं ना, ते हेच!” पोरगं मान डोलावतं. झाली सहल.

मला याचा राग येतो. आलात हे चांगलंच. पण या घराचं मोल इथल्या भिंतींत नाही, इथे ताटकळत बसलेल्या माणसांत होतं. घरमालकाचा जाच, शाळेतला प्रवेश, सासरची मारहाण, काय काय घेऊन लोक यायचे! आणि ऐकून घेणारा माणूस २००१ मध्ये जाईपर्यंत कधी आमदार-खासदार झाला नाही. राजकारण पटो न पटो, पोराला एवढं तरी सांगा.

आणि मग चालायला लागा. सिव्हिल हॉस्पिटलपाशी १८७९ चं सिनेगॉग आहे, बेने इस्राएल ज्यूंचं. घरात मराठी बोलणाऱ्या या ठाणेकरांबद्दल आपल्या मुलांना काहीच माहीत नसतं. तलावपाळीला कौपीनेश्वराचं देऊळ आहे, तिथे पाया पडायला वेगळं सांगावं लागत नाही.

खरं थांबायचं ते सेंट्रल जेलच्या भिंतीपाशी. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याच किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत होते. असं सांगतात की, बाहेर एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतूनच पळायचा बेत आत पोचायचा. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं! १८१६ च्या सप्टेंबरात डेंगळे पसार झाले. ही गोष्ट ऐकून मोबाइल खाली ठेवणार नाही, असं पोरगं मला दाखवा.

मग दुसरी गोष्ट सांगा, जरा सावकाश. २१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. क्रांतिकारक अनंत कान्हेऱ्यांनी तिथे नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला याच तुरुंगात त्यांना फाशी झाली, त्यांच्यासोबत कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांनाही. कान्हेरे १८ वर्षांचे होते. तुमच्या गाडीत मागच्या सीटवर कानात इअरफोन घालून बसलाय ना, त्याच्याएवढे.

जेल चालू आहे, मनात आलं की आत शिरता येत नाही. म्हणून काय झालं? भिंतीबाहेर उभं राहून तिघांची नावं पोरांकडून म्हणवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. आपणच आळशी. लोणावळ्याच्या घाटात चार तास अडकायची तयारी असते, आणि इथे चालत जायचा कंटाळा!

जाताना गाडीऐवजी लोकल धरा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी इथेच येऊन थांबली होती, हे फलाटावर उभं राहूनच सांगण्यात गंमत आहे. कल्याणचा दुर्गाडी किल्ला मात्र दुसऱ्या रविवारसाठी ठेवा. तिथे शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं त्या १६५७ पासून सुरुवात करावी लागेल, आणि तेव्हा पोरं दमलेली चालणार नाहीत.