राजू, चाळीस चोर आणि बहुरूपी

अलीबाबाला चाळीस चोर भेटले ते एकाच गुहेत. आपल्या राजूला ते एकेक करून भेटतात आणि दर वेळी तो नव्याने बुडतो. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांच्या मुंबई-दोन कार्यालयाने, म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा पाहणाऱ्या कार्यालयाने, २०२२ साली 'राजू अँड द फॉर्टी थीव्ज' नावाची सचित्र पुस्तिका काढली. राजू म्हणजे तुमच्या-आमच्यातला भोळा नागरिक. त्याला न काढलेल्या तिकिटाची लॉटरी लागते. त्याच्या नंबरचं सिम भलत्याच माणसाच्या फोनमध्ये चालू होतं. पैसे घ्यायचे असतात तेव्हा तो क्यूआर कोड स्कॅन करून ते देऊन टाकतो. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधतो आणि स्वतःहून चोराला फोन लावतो. सार्वजनिक ठिकाणी मोबाइल चार्जिंगला लावतो, तर फोन भरतो आणि खातं रिकामं होतं.

पुस्तिका चांगली आहे, हे आधीच सांगतो. युक्त्या खऱ्या आहेत आणि चित्रं बरी आहेत. सरकारी कागदावर एवढी विनोदबुद्धी सहसा मंजूर होत नाही. माझं कुतूहल वेगळं आहे. एकोणचाळीस वेळा लुटला गेलेल्या माणसाच्या खात्यात चाळिसाव्या चोरासाठी शिल्लक उरतेच कशी? हा राजू नोकरी कुठे करतो, आणि तिथे भरती चालू आहे का?

हसवून शिकवायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. विजया मुळे यांनी १९७४ साली 'एक अनेक और एकता' ही फिल्म केली, भीमसैन यांनी त्यातली चित्रं हलवली आणि दूरदर्शन पाहणारी एक अख्खी पिढी त्यावर वाढली. त्यात पक्षी जाळ्यात सापडतात, पण त्यांना कोणी मूर्ख म्हणत नाही. ते जाळ्यासकट उडतात. आजच्या जनजागृतीत पक्ष्याला आधी विचारतात, 'तू दाणे टिपायला गेलासच का? आम्ही एसएमएस पाठवला होता ना?'

आता सायबर चोरीवर अशी फिल्म करायची ठरली तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. समिती बसेल. पात्र प्राणी असावं यावर एकमत होईल, कारण प्राणी मोर्चा काढत नाहीत. घुबड रात्रभर जागं राहतं, पण ते अशुभ. मांजर आडवं जातं. कासवाचं नाव निघताच सर्व्हरवाले नाराज. शेवटी दिल्लीहून आलेले साहेब पोपट सुचवतील आणि 'पोपट होणे' म्हणजे काय ते त्यांना सांगण्याची हिंमत टेबलाभोवती कोणाचीच होणार नाही. मग 'सायबर पोपट' हिरव्या शेल्यात येईल आणि नऊवारीतल्या आजीला म्हणेल, 'आजी, ओटीपी सांगू नका हं!' आजी ओटीपी सांगेल. मागे ढोलकी वाजेल, आजीचे डोळे गरगर फिरतील, नोटांना पंख फुटतील. चोर काळ्या टोपीत, अंधारात, हिरव्या आकड्यांच्या पावसात बसलेला असेल.

असा चोर कोणी पाहिला आहे का? खरा चोर 'सर, मी तुमच्या मदतीसाठीच फोन केलाय' म्हणतो. त्याला चांगलं इंग्रजी येतं, तुमचा आधार क्रमांक पाठ असतो, आणि मागच्या भिंतीवर सीबीआयचं बोधचिन्ह लावलेलं असतं. कधी तो स्वतःच नोकरीच्या आमिषाने कंबोडिया किंवा म्यानमारला नेऊन कोंडलेला आपल्याकडचा मुलगा असतो. त्याचा पासपोर्ट काढून घेतलेला, आणि दिवसाचे ठरलेले राजू गाठले नाहीत तर मार. पोपट याला काय सांगणार?

आणि राजू? वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना २०२४ साली 'डिजिटल अटक' झाली. वय ८२, पद्मभूषण, आयुष्यभर ताळेबंद वाचलेला माणूस. चोरांनी व्हिडिओ कॉलवर चक्क सर्वोच्च न्यायालय भरवलं आणि सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या नावाने एक तोतया बसवला. रात्री झोपतानासुद्धा कॅमेरा चालू ठेवण्याचा हुकूम झाला. सात कोटी गेले. ओसवालांनी मात्र राजूच्या पुढचं काम केलं. लाजून गप्प न बसता त्यांनी तक्रार केली आणि जगाला सांगितलं. पोलिसांनी सव्वापाच कोटी परत मिळवले.

सगळी मेख तिथे आहे. चोरीचा पैसा भाड्याच्या खात्यांमधून मिनिटामिनिटाला उड्या मारत जातो. १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन केला तर तो वाटेत अडवता येतो, दोन दिवसांनी केला तर उरते ती एफआयआरची प्रत. आणि माणसं दोन दिवस का थांबतात? सून काय म्हणेल, मुलगा मोबाइल काढून घेईल, शाखेतला पोरगा काउंटरपलीकडे हसेल, म्हणून. फसलेल्या माणसाला हसायचं असतं, हे आपण त्यांना कार्टून दाखवून शिकवलेलं आहे. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन जन्मभर चौकड्यांच्या कोटात उभा राहिला, दररोज कोणी ना कोणी त्याला गंडवलं, पण हसू झालं ते मंत्र्याचं. त्याचं एकदाही झालं नाही. तो आजच्या समितीपुढे गेला असता, तर त्याला केवायसी करायला पाठवलं असतं.

राजूच्या वेडेपणात व्यवहारही आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवलं की चूक बँकेची असेल, तर ग्राहकाला एक पैचाही भुर्दंड नाही. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, मधल्या कोणाची तरी आहे, तरी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर भुर्दंड नाही. पण ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. आता पोपटाची किंमत लक्षात येते का? पोपट हा जागृतीइतकाच पुरावाही आहे. 'आम्ही फिल्म दाखवली होती, आजींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या, फोटो जोडला आहे.' चोरांना भाड्याने खाती मिळतात ती याच बँकांत. त्यांच्यावर फिल्म निघत नाही. तिथे विनोदाला वाव कमी असावा.

पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये डिजिटल अटकेची बनवाबनवी ऐकवली आणि कायद्यात असली अटक मुळातच नाही, हे स्पष्ट सांगितलं. थांबा, विचार करा, मग कृती करा, असा तीन पायऱ्यांचा उपायही दिला. योग असा की त्याच भागात छोटा भीम आणि मोटू-पतलूच्या निमित्ताने ॲनिमेशनचंही कौतुक झालं. दोन विषय एका भागात आले म्हटल्यावर ते एका फायलीत यायला कितीसा वेळ लागणार? तोवर अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली फोनवरची सावधगिरीची सूचना होतीच. ती इतकी वाजली, की तातडीचा फोन लावणारेही आधी उपदेश ऐकून घेऊ लागले. २०२५ च्या जूनमध्ये ओरड होऊन ती थांबली. थांबा आणि विचार करा या दोन पायऱ्या देशाने तेवढ्यापुरत्या पार केल्या होत्या.

समितीतल्या कोणी मला विचारलं नाही, तरी एक पात्र सुचवतो. ते नवं काढायला नको, आपल्याकडे तयार आहे: बहुरूपी. खाकी कपडे, वाकडी टोपी, हातात दंडुका, तोंडात शिट्टी. दारात उभा राहून तो वॉरंट वाचायचा, तेही यमकात. आरोप असे, की वकील लाजावा: सुनेने सासूच्या आधी चहा घेतला, मालक बैलाशी खोटं बोलला. सगळ्या घराला अटक व्हायची. पोरं आधी दडायची, मग त्याच्या मागे गावभर फिरायची. आणि आजी दंड खाली आणत आणत पसाभर जोंधळ्यांवर सौदा मिटवायची. तोतया पोलीस, खोटा आरोप, तडजोडीची रक्कम. डिजिटल अटकेत आणखी वेगळं काय असतं? फरक इतकाच की बहुरूप्याला ओळखलं की पैसे मिळतात आणि या चोराला ओळखलं की बंद होतात. वर्दी दारात आली म्हणजे ती खरी असेलच असं नाही, हे त्या आजीला न शिकता येत होतं. तिचा पुण्यातला आयटीवाला नातू आज सीबीआय ऐकून खुर्चीतून उठून उभा राहतो.

बहुरूपी आता फारसा येत नाही. आला तर आधारकार्ड मागतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरला होता. तोही सावधगिरीचाच निरोप होता. अनोळखी माणसापासून सावध राहा, पुढे पाठवा. फिल्म ज्यांच्यासाठी काढायची ते असुरक्षित कोण, याची व्याख्या समितीने करून ठेवली असेल तर त्यात हे पाच जण कुठे बसतात, ते मला पाहायचं आहे.

बहुरूप्याची फिल्म झालीच, तर हसू चोराचं होईल. त्याची वर्दी उसनी, त्याची शिट्टी फुटकी, त्याच्या न्यायालयाची भिंत पंख्याने हलणारी. आजी त्याला विचारेल, 'मेल्या, बक्कल नंबर सांग.' आणि ज्याचे पैसे गेले तो दुसऱ्या मिनिटाला १९३० लावेल, पडद्यावर कोणीही न हसता.

समितीचं उत्तर मला आताच दिसतंय. एक, वर्दीची टिंगल होते, गृहखात्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. दोन, बहुरूप्याकडे जीएसटी क्रमांक नसल्याने तो निविदा भरू शकत नाही. तीन, आजी बक्कल नंबर मागते, ही सवय खऱ्या पोलिसांच्या बाबतीतही लागण्याचा संभव. सबब पोपट कायम. फिल्म तयार होताच ती सर्व खातेदारांना एसएमएसने जाईल, निळ्या लिंकसकट: 'प्रिय ग्राहक, आपली सायबर सुरक्षा अपूर्ण आहे. आज रात्री बारापर्यंत खालील लिंकवर क्लिक करून पोपट पाहा, अन्यथा आपलं खातं गोठवण्यात येईल.'